अण्णांचा कान

शाहूपुरीतल्या त्या दुकानात गाडीला वूफर, म्हणजे ढोलासारखा खालचा आवाज काढणारा स्पीकर, बसवून घ्यायला माणूस आला, की अण्णा त्याला आधी वूफर दाखवत नसत. पाठकोरा कागद घेत, त्यावर चार चौकोन काढत, दोन पुढे, दोन मागे, आणि पेन्सिल त्याच्या हातात देऊन म्हणत, "गाडीत कोण कुठं बसतंय त्ये लिवा आदी." माणूस चक्रावून जाई. गल्ली हादरवायच्या इराद्यानं आलेल्या तरण्याबांड पोराला चौकोनात आजीचं नाव लिहायला लावणारा दुकानदार सबंध कोल्हापुरात दुसरा नव्हता. पण अण्णांचं गणित पक्कं होतं. मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या पाठीत वूफर गुद्दे घालणार असेल, तर पुढे बसलेला कितीही डोलला तरी ते काम त्यांच्या लेखी वाया गेलेलं.

कॅसेटच्या टेपपासून तीस वर्षं हे असंच चाललं होतं. सगळी जोडणी झाली की अण्णा गाडीत बसत. काचा वर, एसी बंद, दुकानातला पंखासुद्धा बंद, आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. डोळे मिटून ते गाणं ऐकत आणि एकेक नॉब केसभर इकडे, केसभर तिकडे करत. मीटर लावून आवाज जुळवणाऱ्यांना ते वायरमन म्हणत, आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारत. गाडी कुठूनही घ्या, आवाज मात्र अण्णांच्या कानानं लावून घ्या, असं पार पन्हाळ्यापर्यंत लोक एकमेकांना सांगत.

तो कान गेला होता, आणि हे अण्णा सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळे म्हणजे दोघीच, मुलगी मैथिली आणि तिची आई विमलाबाई.

मैथिली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून चार वर्षांपूर्वी दुकानात बसायला लागली. पहिलं वर्षभर गिऱ्हाइकं तिला ओलांडून आत डोकावत आणि विचारत, "अण्णा न्हाईत व्हय?" अण्णा आतून ओरडत, "तिलाच सांगा की, माझ्यापरास जास्त कळतंय तिला." हे ते फक्त गिऱ्हाइकासमोर म्हणत. दोघंच असले की तिच्या सोल्डरिंगला नावं ठेवत.

गेल्या दिवाळीत अण्णा एकाची गाडी दुकानासमोर मागे घेत होते. मागचा सेन्सर आधी थांबून थांबून वाजला, मग सलग किंचाळायला लागला, आणि अण्णा निवांत गाडी मागे घेत राहिले, भिंतीला टेकेपर्यंत. खाली उतरून त्यांनी बंपर पाहिला आणि म्हणाले, "ह्याचा सेन्सर मेलाय. बदलाय सांग त्याला." मैथिलीनं तो किंचाळताना बाहेरून ऐकला होता. मग मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या गोष्टी तिला एकेक करून आठवायला लागल्या. अण्णांनी लावलेला आवाज हल्ली कानात टोचायचा. झांजा, टाळ, गाणारी बाई, सगळं धार लावल्यासारखं. त्यांना ते वरचं बारीक ऐकू येत नव्हतं, म्हणून ऐकू येईपर्यंत ते वाढवत होते.

पण हे सांगायचं कसं? डोळ्याला चष्मा लागला, गुडघा धरला, तशातली ही गोष्ट नव्हती. अण्णांचा कान काढून घेतला तर त्या माणसाकडे उरतं काय, या विचारानं मैथिलीला रडू यायचं आणि रडू आलं की स्वतःचा राग यायचा. विमलाबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. त्या टीव्हीचा आवाज मुद्दाम वाढवून ठेवत आणि पडद्यावरचा आकडा बघून अण्णांनी भुवई उचलली, की म्हणत, "मला कमी येतंय हो हल्ली." अण्णा मग मायेनं त्यांच्या जवळ सरकून मोठ्यानं बोलत, कानाच्या डॉक्टरला दाखवू या म्हणत. दोघी मायलेकी स्वयंपाकघरात एकमेकींना "तू सांग" म्हणत राहिल्या आणि सांगितलं कुणीच नाही.

सांगायच्या ऐवजी मैथिलीनं एक उद्योग सुरू केला. अण्णांनी गाडी लावून दिली, की दुसऱ्या दिवशी ती गिऱ्हाइकाला फोन करायची. "फ्यूजचा एक स्क्रू आवळायचा राहिलाय, दुपारी येऊन जावा." दुपारी अण्णा जेवून घरी आडवे झालेले असत. तेवढ्यात ती गाडीत बसून वरचा आवाज खाली आणायची, सगळं पुन्हा जुळवायची. अशा अकरा गाड्या झाल्या. गिऱ्हाइकं खूश होती, अण्णांचं नाव शाबूत होतं, आणि दुकानाला एक स्क्रू नीट आवळता येत नाही अशी बोलवा हळूहळू पसरत होती.

मार्च लागता लागता मलकापूरहून बाळासो आला. चाळिशीचा, अंगानं आडवा, दूध संकलन केंद्र चालवणारा. नवी गाडी घेऊन दोन महिने झाले होते.

"दोन बारा इंची वूफर टाका," तो म्हणाला. "आंबा घाटात शिरलो की डोंगरानं ऐकायला पायजे."

अण्णांनी चौकोनांचा कागद पुढे सरकवला. बाळासोनं लिहिलं. स्टेअरिंगमागे स्वतः, शेजारी आक्का, मागे एका चौकोनात 'मंडळी', दुसरा मोकळा. मग आठवून त्यानं मागे आणखी एक चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, पेंडीची दोन पोती.

"आक्का कोण?" अण्णांनी विचारलं.

"आई माझी. घाटात मागं बसली की मळमळतंय तिला. फुडची सीट तिची. बायकोबी काय बोलत न्हाय त्यात."

"वय?"

"असंल की पंच्याऐंशी. इचारलं तर म्हणती, तूच मोज."

अण्णांनी पेन्सिल घेतली. "मग दोन बाराचे जमायचं न्हाय, पावणं. एक दहाचा टाकू, बंद पेटीत. डिकीत चाकावरच्या कोपऱ्यात पेटी बसती, पोत्यांची जागा जात न्हाय. आन् येताना आक्काला घेऊन या. तिला बसवूनच आवाज लावणार."

"आन् डोंगर?"

"डोंगराला काय घाई हाय?"

बाळासोचं तोंड जरा उतरलं, पण त्यानं मान डोलावली. मैथिलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुसऱ्या दिवशी एकदा दाखवायला याल का?"

"छ्या. दूध कोण गोळा करणार? यायचं ते एकदाच."

म्हणजे ही गाडी परत बोलावता येणार नव्हती. अण्णा जो आवाज लावतील तोच घेऊन बाळासो जाणार, आणि मलकापुरात पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणणार की अण्णांचं आता काही खरं नाही. ते बोलणं फिरून फिरून कधीतरी अण्णांपर्यंत पोचणारच, तेही परक्याच्या तोंडून. मैथिलीला तेवढं काही करून टाळायचं होतं.

चहाचा कप धुता धुता तिला युक्ती सुचली. बाजारात नवे अँप्लिफायर आले होते. बाहेर नॉब नाहीत, सगळं जुळवाजुळवीचं काम मोबाईलवरून. अण्णा पुढे बसून स्टिरिओवर हवं तेवढं वाढवू देत, ती मागे बसून तेवढंच मोबाईलवर उतरवणार. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

"मोबाईलवर आवाज लावायचा?" अण्णा म्हणाले. "उद्या मोबाईलवर भाकरी थापशील."

"लहान हाय अण्णा. सीटखाली मावतो. पोत्यांना अडचण न्हाई."

"हात कशाला लावायचा मग मी?"

"वूफरचा नॉब येतोय की सोबत. वायरीचा. स्टेअरिंगखाली बसवू."

नॉब आहे म्हटल्यावर अण्णा राजी झाले. त्या अँप्लिफायरच्या मोबाईलमधल्या पडद्यावर तो नॉब बंद करायची सोय होती, आणि मैथिलीनं तो बंद करून टाकला. गेलेल्या कानानं अण्णा वूफरही भलताच वाढवून ठेवतील, आणि म्हातारी बाई शेजारी बसणार. वूफर किती ठेवायचा हे तिनं आकड्यांवरून, रेषांवरून आधीच ठरवून टाकलं होतं.

ठरल्या दिवशी बाळासो सकाळचं दूध आटोपून आला. आक्का पुढच्या सीटवरून कुणाचा हात न धरता उतरली, खुर्चीत बसली आणि मैथिलीला म्हणाली, "तू लेक व्हय ह्यांची? वायरी जोडाय येत्यात तुला?"

"येत्यात की."

"मग बेस हाय," आक्का म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून निवांत झाली.

काम दुपारपर्यंत चाललं. बॅटरीपासून निघालेली जाड वायर अण्णांनी पायपोसाखालून स्वतः ओढून घेतली. अर्थिंगची तार बसवायला त्यांनी पत्र्यावरचा रंग चकचकीत होईतो घासला, हात फिरवून पाहिला, पुन्हा घासला. पेटी डिकीच्या कोपऱ्यात बसवताना ते गुडघ्यावर वाकले होते आणि मानेवर घामाची रेघ ओघळत होती. त्यांच्याकडे बघून मैथिलीला वाटलं, असल्या माणसाला आपण फसवायला निघालोय. पण आता मागे फिरायला वाट नव्हती.

पंखा बंद झाला. बाळासोला तोंड बंद ठेवणं जमणार नाही, म्हणून त्याला बाहेर उभं केलं. अण्णा स्टेअरिंगवर, शेजारी आक्का, मागे मैथिली. काचा वर गेल्या.

"कुठलं गाणं लावू, आक्का?" अण्णांनी मोठ्यानं विचारलं.

"जोतिबाचं लाव कायतरी."

ढोल आणि झांजांचं एक गाणं लागलं. अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं बोट पुढे करून त्यांनी स्टिरिओवर वरचा आवाज एक घर वाढवला. मैथिलीनं मांडीवरच्या मोबाईलवर तो तेवढाच खाली आणला. त्यांनी आणखी एक वाढवला, तिनं आणखी एक उतरवला. झांजा जागच्या जागी राहिल्या. अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि मैथिलीचा जीव भांड्यात पडला. चोरी साधल्यावर चोराला वाटत असेल तसलंच ते हलकं वाटणं होतं, पण वाटलं खरं.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "छातीत धडधडतंय की रं बाबा."

अण्णांनी डोळे न उघडता हात खाली नेला आणि स्टेअरिंगखालचा नॉब डावीकडे फिरवला. ढोल होता तसाच वाजत राहिला. त्यांनी आणखी फिरवला. मग पार टोकापर्यंत फिरवला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. डोळे उघडून ते खाली वाकले आणि दोन्ही हातांनी नॉबची वायर चाचपायला लागले.

मैथिली घाबरली. आक्काला त्रास होतोय एवढंच तिच्या डोक्यात शिरलं, आणि तिनं मोबाईलवर बोट ओढून वूफर झपकन कमी केला.

"हां, आत्ता बरं," आक्का म्हणाली.

अण्णांचे दोन्ही हात अजून वायरीवरच होते. नॉबला कुणाचाच हात नव्हता. ते सावकाश सरळ बसले आणि त्यांनी आरशात पाहिलं. मैथिलीच्या हनुवटीवर मोबाईलचा उजेड पडला होता. तो विझवायचं तिला सुचलंच नाही.

अण्णांनी गाणं थांबवलं, काच खाली केली. "बाळासो, आक्काला जरा च्या पाजा. पाच मिंटं लागतील."

आक्का उतरली. काच पुन्हा वर गेली. अण्णांनी मागे न बघता हात पुढे केला आणि मैथिलीनं त्यावर मोबाईल ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पडदा बराच वेळ न्याहाळला.

"नॉब तू बंद केलास."

"व्हय."

"का?"

या प्रश्नाची तिनं चार महिन्यांत किती उत्तरं घोकली होती. ती सगळी तिनं सोडून दिली. "तुम्हाला ऐकू येत न्हाई, अण्णा," ती म्हणाली आणि तिला हुंदका आला. "दिवाळीपासनं मी गाड्या परत बोलावतीय. तुम्ही घरी गेल्यावर लावून देतीय. अकरा झाल्या."

 बाहेर बाळासो बशीत चहा ओतून आक्काला देत होता, ते काचेतून दिसत होतं.

"तुझ्या आईला ठावं हाय?"

"व्हय."

"म्हंजे ती टीव्हीचं जे म्हणती..."

"आईला चांगलं ऐकू येतंय, अण्णा."

अण्णांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मैथिलीला आता ते ओरडतील असं वाटत होतं, आणि ते ओरडले असते तर बरं, असंही वाटत होतं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि मोबाईल मागे दिला.

"नॉब चालू कर."

तिनं केला. अण्णा शेजारच्या सीटवर सरकले, आक्काच्या जागी, आक्कासारखीच पाठ जरा पोक काढून बसले. गाणं पुन्हा लावलं आणि हात लांबवून नॉब धरला. जेमतेम अर्धा मिनिट लागलं असेल. ढोल आधी वर आला, मग मागे सरला, मग अशा एका जागी थांबला की छातीवरचा दाब गेला आणि ढोलाचं कातडं तेवढं ऐकू यायला लागलं, टिपरू पडलेलं, हात फिरलेला. मैथिलीनं दोन दिवस आकडे मांडून लावलेला वूफर याच्यापुढे अगदीच मुका होता.

"अण्णा," ती म्हणाली, "खालचं तुम्हाला सगळं ऐकू येतंय."

"येतंय की. न्हाय तर नॉब मेलाय हे मला कशानं कळलं असतं?"

ती ओशाळली. वरचं गेलं म्हणजे सगळं गेलं, असं तिनं धरून चाललं होतं. चार महिने ती बापाला पुरता बहिरा समजत आली होती, आणि एकदाही त्याला विचारायला गेली नव्हती.

"वरचं कुठवर जातंय बघू," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जरा खाली गेलेला. "ती चढती शिट्टी लाव."

स्पीकर तपासायला एक सूर असतो, अगदी खालून निघून एकसारखा वर वर चढत जाणारा. मैथिलीनं तो लावला. आधी नुसतीच सीट थरथरली, मग घुमारा आला, मग त्याचा सूर झाला. अण्णांनी मांडीवरचं बोट वर केलं आणि धरून ठेवलं. सूर माणसाच्या आवाजाएवढा झाला, बाईच्या आवाजाएवढा, मग त्याच्याही वर गेला, बारीक झाला. अण्णांचं बोट जरासं हललं आणि सावकाश खाली आलं.

"थांबला?" त्यांनी विचारलं.

सूर चालू होता. गाडीभर भरून राहिला होता, तिच्या दाढा शिवशिवत होत्या. व्हय म्हणायचं, बस, एवढंच काम होतं. अकरा गिऱ्हाइकांना तिनं याहून मोठ्या थापा मारल्या होत्या. तिनं बापाच्या मानेकडे पाहिलं, मघाचा घाम वाळून तिथे पांढरी रेघ राहिली होती.

"न्हाई, अण्णा. चालू हाय अजून."

अण्णांनी मान हलवली. "संपला की सांग."

ती ऐकत राहिली. दहा-बारा सेकंदांचा तो खेळ, पण तिला तो कित्येक वर्षांचा वाटला. सूर चढत चढत केसाएवढा झाला, आहे की नाही असा झाला आणि गेला.

"संपला."

"लई लांब गेला की," अण्णा म्हणाले.

मैथिलीनं मागच्या सीटवरून पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं.  मग त्यांनी हात मागे नेऊन तिच्या डोक्यावर दोनदा थोपटलं, काच खाली केली आणि बाळासोला हाक मारली.

बाळासो आला, मागोमाग आक्का आली. अण्णा उतरून उभे राहिले आणि टायर बदलल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "ढोल मी लावलाय. झांज माझी लेक लावणार हाय. मला झांज ऐकाय येत न्हाय आता."

मैथिलीला वाटलं, गल्ली थांबली असेल. गल्लीत एक रिक्षा वळत होती ती वळून गेली. बाळासो नुसताच "बरं बरं" म्हणाला. आक्कानं मात्र अण्णांना खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

"मला तर ह्या बाळ्याचं निम्मं बोलणं येत न्हाय," ती म्हणाली. "काय वाईट चाललंय माझं?" आणि सीटवर चढून बसली.

अण्णा पुन्हा स्टेअरिंगवर बसले. मैथिलीही उतरली होती; ती पुन्हा मागे बसायला निघाली तर त्यांनी तिला वळसा घालून आपल्या दाराशी बोलावलं आणि मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. कुठली रेघ वरच्या आवाजाची, ते विचारून घेतलं. गाणं लागलं, झांजा सुरू झाल्या, आणि त्यांनी जाडसर बोटानं ती रेघ जराशी खाली ओढली. ज्या आवाजातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, तो ते मुलीच्या चेहऱ्याकडे बघून लावत होते.

"आता?"

"अजून थोडं, अण्णा."

त्यांनी आणखी थोडं ओढलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.